काटा शून्यावर आला म्हणजे टाकीत नेमकं किती लिटर उरलं, हे कंपन्यांनी सांगावं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पाऊस आता उघडत आलाय, दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांत बाईक घेऊन कोकण, गोवा, चिखलदरा फिरायला निघणाऱ्यांची गर्दी सुरू होईल, ज्यांना मोठी रजा मिळते ते पुढच्या जून-जुलैसाठी लेह-लडाखचे बेत आत्तापासून करतायत. पूर्वी हे पुण्या-मुंबईच्या पोरांपुरतं होतं, आता कराड, सांगली, अकोला, नांदेड, कुठल्याही गावात पाच-सहा टुरिंगच्या गाड्या उभ्या दिसतात, आणि नवरा-बायको मिळून जाणारे पण खूप झालेत. या सगळ्यांना रस्त्यात कधी ना कधी एकच प्रश्न पडतो, पेट्रोलच्या मीटरवरची शेवटची कांडी ब्लिंक होतीय, अजून किती जाईल? याचं उत्तर गाडी बनवणाऱ्या इंजिनियरला पक्कं माहीत असतं, शोरूमवाल्याला विचारलं तर तो "चाळीस-पन्नास जाईल की आरामात" म्हणून मोकळा होतो, आणि जो ती गाडी घेऊन घाटात उतरणार असतो त्याच्या हातात काहीच नसतं. म्हणून हे पत्र.

माझी मागणी साधी आहे. लो फ्युएलचा लाईट लागतो तेव्हा टाकीत किती लिटर असतं, आणि त्यातलं किती लिटर पंप खरोखर ओढू शकतो, हे दोन आकडे प्रत्येक कंपनीने मॅन्युअलमध्ये ठळक द्यावेत आणि टाकीच्या झाकणाखाली किंवा सीटखाली स्टिकरवर छापावेत. काही मॅन्युअलमध्ये रिझर्व्ह अंदाजे इतके लिटर असं लिहिलेलं असतं, नाही असं नाही, पण कुठे असतं कुठे नसतं, आणि असलं तरी ते मागच्या तक्त्यात बारीक अक्षरात, जे गाडी घेताना कुणी दाखवत नाही.

आता बघा, पेट्रोल पंपावर आपण किती काटेकोर असतो. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावं लागतं, गिऱ्हाईकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं, आणि पाच लिटरमागे २५ मिलीपेक्षा जास्त फरक आला तर वैधमापनवाले मशीन बंद करू शकतात. म्हणजे पेट्रोल टाकीत पडेपर्यंत अर्धा टक्क्याचा हिशोब, आणि एकदा टाकीत पडलं की त्याच पेट्रोलचा काटा दोन-दोन लिटर चुकला तरी कुणालाही त्याचं काही वाटत नाही. गाडीला स्पीडोमीटर पाहिजेच असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११७ नंबरचा स्वतंत्र नियम आहे. पेट्रोलच्या काट्याला तेवढं महत्त्व दिलेलं मला तरी कुठे दिसत नाही, आणि माझ्या मते टुरिंगच्या गाडीला ते द्यायला पाहिजे, कारण निर्जन घाटात रात्री गाडी बंद पडणं हा गैरसोयीपुरता विषय राहत नाही.

काटा चुकतो कसा हे एकदा उघडून बघितलं की सगळा राग समजुतीत बदलतो आणि मग वेगळाच राग येतो. आमच्या इथल्या एका मेकॅनिकने एका गाडीची टाकी उतरवून गोणपाटावर उलटी ठेवली, बोल्ट काढून पंपाचा सगळा गठ्ठा बाहेर घेतला, त्याला एक तारेचा हात आणि त्या हाताच्या टोकाला बिस्किटाएवढा काळा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा. पेट्रोल जितकं वर तितका फ्लोट वर, आणि हाताच्या दुसऱ्या टोकाला एक बारीक पितळी जीभ असते ती एका छोट्या पट्टीवर घासत जाते, त्या पट्टीवर बारीक बारीक रेघा असतात, जीभ जिथे टेकेल तसा रेझिस्टन्स बदलतो आणि मीटर तोच वाचून कांड्या दाखवतो. एवढंच यंत्र. मेकॅनिकने मल्टीमीटर लावला आणि हात हळूहळू वर नेला, तर आकडा सरळ बदलत जायच्या ऐवजी मधे एका जागी गप्पकन उडायचा, परत खाली यायचा, कारण त्या जागी रेघा घासून काळ्या पडल्या होत्या. नेमकी कुठे घासल्या होत्या तर अर्ध्या टाकीच्या आसपास, कारण गाडी रोज जास्त वेळ तिथेच फिरते. त्या गाडीचा मालक बिचारा महिनाभर मीटर बदला, बॅटरी बदला करत फिरत होता.

पण नवा कोरा सेन्सर असला तरी बाईकच्या काट्याला जन्मापासून एक अडचण आहेच, ती म्हणजे टाकीचा आकार. कारची टाकी पसरट चपटी असते. बाईकची टाकी फ्रेमच्या पाइपावर घोड्याच्या खोगिरासारखी बसवलेली असते, मधे बोगदा आणि दोन्ही बाजूंना खाली उतरलेले दोन कप्पे. वरचा भाग रुंद, खालचा अरुंद. त्यामुळे वरचं एक इंच पेट्रोल उतरायला खूप किलोमीटर लागतात आणि खालचं एक इंच बघता बघता जातं. म्हणून पहिली कांडी उतरायला शंभर-सव्वाशे किलोमीटर लागले की माणूस खूष होतो, गाडी काय ॲव्हरेज देतीय म्हणतो, आणि खालच्या कांड्या भराभरा उतरल्या की घाबरतो. गाडी तेवढंच पीत असते, फक्त टाकी निमुळती होत गेलेली असते. हे गणित मीटरच्या प्रोग्रॅममध्ये घालून सुधारता येतं, चांगल्या गाड्यांत घालतात सुद्धा, पण पाच-सहा कांड्यांत ते दाखवणार तरी किती.

त्यात गाडी साइड स्टँडवर लावली की पेट्रोल डावीकडे जातं, चढावर मागे जातं, उतारावर पुढे येतं, आणि फ्लोट तर एकाच जागी बसवलेला. आंबेनळीसारखा घाट उतरताना कांडी गायब होते आणि खाली पोलादपूरला सपाटीवर आलं की परत उगवते, हे अनेकांनी बघितलं असेल. त्यासाठी कंपन्या मीटरला मुद्दाम सुस्त ठेवतात, म्हणजे काटा दर हिसक्याला नाचू नये. ते बरोबरच आहे, पण त्याचा अर्थ असा की चावी फिरवल्या फिरवल्या जे दिसतं त्यावर लगेच भरवसा ठेवू नये, सपाट रस्त्यावर गाडी सरळ धरून चार-पाच किलोमीटर गेल्यावर जे दिसेल ते खरं धरावं.

खोगिरासारख्या टाकीचा अजून एक प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो. पेट्रोल अगदी तळाला गेलं की ते दोन कप्प्यांत वेगवेगळं साठतं आणि पंप असतो एकाच बाजूला. म्हणजे टाकीत पाऊण-एक लिटर डुचमळतंय, हलवली तर आवाज येतोय, आणि तरी गाडी बंद. अशा वेळी गाडी पंपाच्या बाजूला चांगली आडवी कलती करायची, पलीकडचं पेट्रोल बोगद्यावरून अलीकडे येतं आणि पुढच्या गावापर्यंत जायची सोय होते. दोघांनी धरून करा, टुरिंगच्या गाड्या दोनशे किलोच्या घरात असतात. हे सुद्धा कंपनीने सांगायला पाहिजे, की पंप डाव्या अंगाला आहे का उजव्या.

जुन्या लोकांना आठवत असेल, बुलेटला काटाच नव्हता. झाकण उघडायचं, गाडी हलवायची, आत डोकावायचं. आणि टाकीखाली पेट्रोल कॉक असायचा, ऑन, ऑफ आणि रिझर्व्ह. त्याचं काम इतकं सरळ होतं की त्यात खोटं बोलायला जागाच नव्हती. टाकीच्या आत दोन नळ्या, एक उंच एक बुटकी. ऑनला ठेवलं की उंच नळीतून पेट्रोल येणार, पातळी त्याच्या खाली गेली की गाडी झटके देणार, चालत्या गाडीवर डावा हात खाली घालून कॉक फिरवायचा की बुटक्या नळीतून पेट्रोल सुरू. "गाडी रिझर्व्हला लागली" म्हटलं की घरातल्या सगळ्यांना कळायचं आता किती जाईल, कारण दर वेळी ती तितक्याच पातळीला लागायची. नळीच्या उंचीत बदल होत नाही.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे बीएस सिक्स नियम आले आणि कार्ब्युरेटर जाऊन जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलं. धूर कमी झाला, थंडीत गाडी एका बटणात सुरू होते, हिमालयात उंचावर गाडी गुदमरत नाही, मी इंजेक्शनच्या विरोधात अजिबात नाही. पण त्यात कॉक गेला. आता टाकीच्या आतच इलेक्ट्रिक पंप असतो, आणि हा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहूनच थंड राहतो, त्याला ओलावा पेट्रोलचाच. टाकी पूर्ण कोरडी करून गाडी ओढायची सवय असली तर पंप तापतो, तळाची घाण जाळीत जाते, आणि पंपाचा पूर्ण सेट बदलायचा खर्च हजारांत जातो. म्हणजे पूर्वी झटके दिल्यावर सुद्धा तुमच्या हातात लिटर-दोन लिटर असायचे, आता झटके दिले म्हणजे संपलंच, वरून नुकसान. कॉकच्या जागी कंपन्यांनी आपल्याला एक पिवळा लाईट दिला. ठीक आहे, पण कॉक जे सांगायचा ते लाईटने सांगितलं पाहिजे की नाही? किती लिटरला लागतो ते तरी?

काही जण म्हणतील की महागड्या गाडीला हा त्रास नसतो. असतो. बीएमडब्ल्यूच्या आर १२०० जीएसमध्ये, जी जगभर टुरिंगची बाप गाडी म्हणून ओळखली जाते, काही वर्षं फ्लोट काढून टाकीत एक गरम होणारी पट्टी बसवली होती, पट्टीचा किती भाग पेट्रोलात बुडालाय त्यावरून काटा चालायचा. त्या पट्ट्या इतक्या बिघडल्या की अमेरिकेत कंपनीला त्या एका पार्टची वॉरंटी वाढवून द्यावी लागली आणि नंतरच्या गाड्यांत परत फ्लोट आला. मुद्दा हा की तिथे गिऱ्हाईकांनी तक्रारी लावून धरल्या, म्हणून ते झालं.

आपल्याकडे तक्रार केली तर काय होतं ते सांगतो. माझ्या गाडीचा काटा वॉरंटीत असतानाच अर्ध्या टाकीवरून एकदम शेवटच्या कांडीवर जायला लागला. सर्व्हिस सेंटरला दाखवली, त्यांनी लॅपटॉप लावला, एरर कोड नाही म्हणाले, आणि "सर, या मॉडेलला सगळ्यांनाच असं होतं, नॉर्मल आहे" असं लिहून जॉब कार्ड बंद. नॉर्मल म्हणजे किती, असं मी विचारलं. किती लिटरपर्यंत फरक चालतो? त्या मुलाकडे उत्तर नव्हतं, सुपरवायझरकडे नव्हतं, कस्टमर केअरच्या मेलला आलेल्या उत्तरात पण आकडा नव्हता. मी त्या मुलाला दोष देत नाही, त्याला कुणी आकडा दिलेलाच नाही. पण ज्या गोष्टीला मर्यादाच ठरवलेली नाही तिची तक्रार सिद्ध करणार तरी कशी? ग्राहक आयोगात जाऊन काय सांगणार, काटा चुकतो, आणि समोरचा म्हणणार काटा अंदाजेच असतो.

नव्या गाड्यांत अजून एक आकडा आलाय, अजून इतके किलोमीटर जाईल असं स्क्रीनवर दाखवतो. पोरांचा त्याच्यावर फार विश्वास असतो. तो आकडा येतो कुठून तर गेल्या काही किलोमीटरचं ॲव्हरेज काढून त्याला उरलेल्या पेट्रोलने गुणतात, आणि उरलेलं पेट्रोल कुणी सांगितलं तर त्याच फ्लोटने. म्हणजे मूळ चूक तशीच, वर गुणाकार. घाट उतरून आलात की तो आकडा फुगलेला असतो, कारण उतारावर गाडीने काही प्यायलंच नाही, आणि पुढे चढ लागला की झपाझप उतरतो. गूगलवर पंप साठ किलोमीटर आणि स्क्रीनवर रेंज सत्तर, असं बघून घाट चढायला सुरुवात करू नका एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

लेहच्या रस्त्याचं उदाहरण घेतो कारण तिथे हा हिशोब सगळ्यात स्वच्छ कळतो. मनालीकडून अटल बोगद्यातून पलीकडे गेलं की केलाँगच्या आठेक किलोमीटर अलीकडे तांदी लागतं, चंद्रा आणि भागा नद्यांचा संगम तिथला. त्या पंपावरचा बोर्ड प्रसिद्ध आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. लेहच्या आधी कारूला पंप लागतो त्यामुळे पस्तीसेक किलोमीटर कमी धरले तरी मधे बारालाचा, नकीला, लाचुंगला आणि तंगलंगला या उंच खिंडी, तंगलंगला तर पाच हजार मीटरच्या वर. सरचू आणि पांग इथल्या ढाब्यांवर कॅनमधलं पेट्रोल मिळालं तर मिळालं, ते किती जुनं आणि त्यात काय मिसळलंय कुणी सांगावं.

आता १३ लिटरच्या टाकीची गाडी घ्या, रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० एवढी. शेवटचे दोन लिटर हिशोबात धरायचे नाहीत, राहिले अकरा. मागे माणूस, दोन्ही बाजूंना सॅडल बॅग, समोरून वारा, ३२ चं ॲव्हरेज धरलं तर ३५२ किलोमीटर. बोर्डवरच्या आकड्याला तेरा कमी. त्यांच्याच हिमालयन ४५० ची टाकी १७ लिटरची, तिथे पंधरा धरले आणि ॲव्हरेज २५ पर्यंत खाली आलं तर ३७५, म्हणजे जेमतेम. कागदावर ३० च्या ॲव्हरेजने १७ लिटरचे ५१० होतात, आणि माणूस ५१० डोक्यात ठेवून निघतो. हा जो ५१० आणि ३७५ मधला फरक आहे त्यात सगळे अडकलेले सापडतात. ग्रुपने जाताना हिशोब सगळ्यात लहान टाकीच्या गाडीचा करायचा, मोठ्या टाकीवाल्याचा नाही, हे पण बऱ्याचदा विसरतात.

बरं हा फरक पडतो कशाने? वेगाने, मुख्य म्हणजे. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपटीच्या वर जातो, आणि टुरिंगची गाडी म्हणजे उंच काच, बाजूला पेट्या, मागे बांधलेली बॅग, सगळं वाऱ्याला आडवं. गाड्या तपासणाऱ्या एआरएआय या संस्थेचं जे ॲव्हरेज जाहिरातीत असतं ते प्रयोगशाळेत रोलरवर ठरवून दिलेल्या पद्धतीने काढलेलं असतं, दोन गाड्यांची तुलना करायला ते ठीक आहे, पण सॅडल बॅग लावून बेळगावच्या पुढच्या हायवेवर ते मिळणार नाही.

दुसरं इथेनॉल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शेतकऱ्याच्या उसाला त्याचा फायदा आहे, आमच्या सातारा-सांगली-कोल्हापुरात त्यावर कारखाने चालतात, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते हे शास्त्र आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की ज्या दुचाकी २० टक्क्यांसाठी बनवलेल्या नाहीत त्यांचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के कमी होईल. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण ४५० किलोमीटरच्या रेंजवर ते १८ किलोमीटर होतात, आणि अठरा किलोमीटर दोनशे किलोची गाडी कुणी ढकलून दाखवावी. जुन्या वहीत लिहून ठेवलेली रेंज आता तशीच्या तशी वापरू नये.

मग करायचं काय, तर काट्याकडे नुसता इशारा म्हणून बघायचं आणि खरा हिशोब ट्रिप मीटरवर ठेवायचा. टाकी दर वेळी एकाच पद्धतीने भरायची, म्हणजे गाडी सरळ उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबायचं. गळ्यापर्यंत काठोकाठ भरू नये, नव्या गाड्यांत पेट्रोलची वाफ अडवायला कोळशाचा डबा असतो, काठोकाठ भरलं तर पेट्रोल त्यात जातं. आणि कंपनीने छापलेली क्षमता सुद्धा काठोकाठची नसते, वर वाफेला जागा सोडून असते, म्हणून १३ लिटरच्या टाकीत कधी कधी साडेतेरा बसतं आणि पंपावर भांडण होतं. भरलं की ट्रिप मीटर शून्य. लाईट कितव्या किलोमीटरला लागला ते लिहायचं, लगेच पुढच्या पंपावर भरायचं, किती लिटर बसलं ते लिहायचं, टाकीच्या क्षमतेतून ते वजा केलं की लाईट लागल्यावर किती उरतं ते कळतं. असं तीन-चार वेळा केलं की आकडा स्थिर होतो. शहरात, हायवेवर, घाटात आणि सामान लादून, चारही प्रकारचं ॲव्हरेज वेगळं लिहायचं आणि टूरला निघताना त्यातलं सगळ्यात खराब धरायचं. ओडोमीटर पण थोडा जास्त दाखवू शकतो, एकदा हायवेच्या किलोमीटर दगडांशी ताडून बघावा.

जवळ पेट्रोल ठेवायचं तर पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, हात जोडून सांगतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत लायसन लागत नाही, पण ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात असायला पाहिजे. प्लास्टिकची बाटली उन्हात फुगते, झाकण सुटतं, आणि ती नेमकी सायलेन्सरच्या वर बांधलेली असते.

आणि पेट्रोल वाचवायला घाटात गाडी बंद करून उतरवणारे अजून दिसतात. ते तर बंदच झालं पाहिजे. चावी बंद केली की चाक जाम होऊ न देणारं एबीएस बंद, न्यूट्रलमध्ये इंजिनचा ब्रेक नाही, सगळा भार ब्रेकवर, दोन-चार वळणांत ब्रेक तापून ढिले पडतात. इंजेक्शनच्या गाडीत तर त्याची गरजच नाही, गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की उतारावर कॉम्प्युटर पेट्रोल आपोआप तोडतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं तरी जळतंच.

पण हे सगळं चालवणाऱ्याने करायचं झालं. दोन गोष्टी सरकारने आणि कंपन्यांनी केल्याशिवाय होणार नाहीत. एक म्हणजे काट्याच्या चुकीची मर्यादा. वाहनांचे एआयएस नावाचे जे मानक निघतात ते एआरएआय प्रसिद्ध करते, ती संस्था पुण्यात आहे, चाकण-आकुर्डीत मोठा वाहन उद्योग आहे, म्हणजे हा विषय महाराष्ट्रातून उचलला जायला काहीच हरकत नाही. लाईट किती लिटरला लागला पाहिजे, त्यात किती टक्के इकडे-तिकडे चालेल, वापरता न येणारं पेट्रोल किती, हे ठरवून द्या. सेन्सर महाग करा असं कुणी म्हणत नाहीये, आहे त्या सेन्सरने जे दिसतं त्याचा आकडा छापा म्हणतोय.

दुसरं म्हणजे बोर्ड. तांदीला जो एक बोर्ड उभा आहे तसा आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याने आणि महामार्ग प्राधिकरणाने घाटरस्त्यांच्या आणि जंगलातल्या रस्त्यांच्या तोंडाला लावावा, पुढचा पंप इतक्या किलोमीटरवर, रात्री चालू आहे की बंद. ताम्हिणी, वरंधा, कोयनेच्या आतल्या बाजूचे रस्ते, मेळघाटात सेमाडोहकडे जाणारा, गडचिरोलीत आलापल्लीच्या पुढे भामरागडकडे जाणारा, या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते त्यामुळे गूगल उघडतच नाही, आणि उघडलं तरी बंद पडलेला पंप त्यात चालू दिसतो. ग्रामीण भागातले बरेच पंप रात्री नऊ-दहाला दोरी बांधून बंद होतात, बाहेरून आलेल्याला ते कसं कळणार? याचा उपयोग फक्त टुरिंगवाल्यांना नाही, रात्री पेशंट घेऊन निघालेल्या माणसाला आहे, दूधवाल्याला आहे, आडगावच्या शाळेवर जाणाऱ्या शिक्षिकेला आहे.

साहेब, तुमचे प्रतिनिधी प्रत्येक तालुक्यात आहेत. ज्या रस्त्यावर दोन पंपांमध्ये चाळीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर आहे अशा रस्त्यांची जिल्हावार यादी आपण त्यांच्याकडून मागवून छापावी, पंपाची चालू-बंद वेळ त्यात द्यावी, आणि ती यादी बांधकाम खात्याला पाठवावी अशी विनंती आहे. कराड-पाटण-चिपळूण पट्ट्याची माहिती मी आणि माझे सोबती आनंदाने गोळा करून देऊ.

आपला,
एक मोटरसायकलस्वार वाचक, कराड